पुण्यात चालतो, मांडव्याला बंद पडतो: पाण्याने गार होणाऱ्या बोटीवरच्या फ्रिजचं दुखणं कसं शोधायचं

घरचा फ्रिज बिघडला की मेकॅनिक येतो, मागच्या बाजूला हात लावतो आणि म्हणतो, “गॅस संपलाय.” आपणही मान डोलावतो, कारण सिलिंडर संपतो तसा हाही संपत असेल असं वाटतं. पण फ्रिजचा गॅस जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता गॅस मारणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

हे लिहायला निमित्त झालं मे महिन्यातल्या एका फोनचं. माझं काम भोसरीत, कारखान्यांचे पाण्यावर चालणारे चिलर दुरुस्त करायचं. माझ्या आतेभावाने तिघा मित्रांबरोबर एक जुनी शिडाची बोट घेतली आहे, अठ्ठावीस फुटी. ती मांडव्याजवळ नांगरलेली असते. बोटीवर १२ व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज आहे आणि त्याची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडलेली आहे.

“दादा, फ्रिज गार होईना. इथल्या माणसाने दोनदा गॅस मारला. एक दिवस चालतो, परत बंद.”

“पाणी बघितलंस का?”

“पाणी? समुद्रातच उभे आहोत की आम्ही.”

इथेच सगळ्यांची चूक होते. बोट पाण्यात आहे म्हणजे फ्रिजला पाणी मिळतंय असं नाही.

फ्रिज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. मार्केट यार्डातला हमाल डोळ्यांसमोर आणा. गाळ्यातला माल म्हणजे फ्रिजमधली उष्णता, पोतं म्हणजे गॅस, हमाल म्हणजे कॉम्प्रेसर आणि बाहेर उभा असलेला ट्रक म्हणजे पाणी. पोतं आत भरायचं, बाहेर ट्रकमध्ये रिकामं करायचं, रिकामं पोतं घेऊन परत आत यायचं. जिथे पोतं भरतं ती जागा इव्हॅपोरेटर, म्हणजे ज्यावर बर्फ धरतो ती पत्र्याची पेटी. जिथे रिकामं होतं तो कंडेन्सर. ट्रक आलाच नाही तर? हमाल भरलेलं पोतं पाठीवर घेऊन दारात उभा. त्याची कंबर मोडेल, गाळ्यातला माल तसाच राहील, आणि मालक म्हणेल, “पोती कमी पडली, अजून आणा.” दोनदा गॅस मारला म्हणजे नेमकं हेच झालं.

घरच्या फ्रिजला ट्रकची चिंता नसते, त्याची उष्णता स्वयंपाकघरातली हवा नेते. बोटीवर मात्र फ्रिजचं यंत्र एखाद्या बाकाखाली कोंबलेलं असतं आणि मे महिन्यात तिथली हवा चाळिशीला पोचते. त्याच वेळी बाहेर समुद्राचं पाणी २९-३० अंशांवर असतं. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणून पाणी वापरण्यात अर्थ आहे. पण त्याबरोबर पंप, जाळी, पाइप, मीठ आणि शिंपले हे सगळं घरात येतं. खरं सांगायचं तर पन्नास लिटरच्या फ्रिजसाठी मी स्वतः एवढा संसार मांडला नसता, चांगला पंखा बसवून हवेवर भागवलं असतं. पण ज्याच्या बोटीवर पाण्याचा बसवलेलाच आहे, त्याला तो चालवायला तर हवा.

आतेभावाला सांगितलं, यंत्र काढ आणि गाडीत घालून पुण्याला आण. जोडण्या गॅस न सोडता सुटणाऱ्या होत्या, त्यामुळे ते जमलं. भोसरीत आल्यावर आधी गॅस काढून घेतला आणि वजन केलं. प्लेटवर लिहिलं होतं त्याच्या जवळजवळ दीडपट निघाला. असल्या छोट्या फ्रिजात गॅस शंभर-दीडशे ग्रॅमच असतो, त्यात चाळीस-पन्नास ग्रॅम जास्त म्हणजे आमटीत मूठभर मीठ. जास्तीचा गॅस द्रवरूपाने कंडेन्सरमध्ये तुंबतो, वाफेला गार व्हायला जागा उरत नाही आणि दाब चढतो. व्हॅक्यूम मारून, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढून, प्लेटवरच्या वजनाइतकाच गॅस भरला. हा आर-१३४ए, हवेत सोडायचा नसतो. उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त वाईट आहे, आणि “थोडासा तर आहे” म्हणून सोडणारे बरेच आहेत.

मग चाचणी. माझ्याकडच्या मुलाने पंप बादलीत सोडला, कंडेन्सरमधून आलेलं पाणीही त्याच बादलीत. पहिला तासभर मस्त. दोन तासांनी कॉम्प्रेसर ट्रिप. मुलगा घाबरला, मला बरं वाटलं, कारण यापेक्षा चांगला धडा मिळाला नसता. हिशोब सोपा आहे. हा फ्रिज पाण्यात साधारण २०० वॅट उष्णता टाकतो. बादलीत १५ लिटर पाणी. तासाला अकरा-बारा अंश वाढतात. २६ अंशांवर सुरू केलेलं पाणी दोन तासांत पंचेचाळिशीच्या पुढे गेलं, आणि गरम पाण्याला अजून उष्णता द्यायची तर गॅस त्याहून गरम करावा लागतो, म्हणजे दाब वाढवावा लागतो. एका हद्दीनंतर कॉम्प्रेसर हात टेकतो. मग २०० लिटरचा ड्रम घेतला. त्यात तोच फ्रिज सहा तास चालला, पाणी चार-पाच अंशच वाढलं, पेटीवर सगळीकडे सारखा पांढरा थर आला. आतेभाऊ खूश होऊन यंत्र घेऊन गेला.

दोन दिवसांनी फोन. “दादा, सकाळी चालत होता. शीड लावून फिरून आलो, आता बंद.”

यंत्र तेच, गॅस मोजून भरलेला. बदललं काय? ड्रमच्या जागी समुद्र आला आणि मधे बोटीचे पाइप आले. म्हणजे दुखणं पाइपात होतं. शनिवारी घाट उतरलो.

दिवा काय बोलतो

बोटींवरच्या लहान फ्रिजांमध्ये डॅनफॉसचे बीडी-३५ किंवा बीडी-५० हे कॉम्प्रेसर फार आढळतात (हल्ली सेकॉप या नावाने येतात). त्यांच्या इलेक्ट्रॉनिक पेटीला एक छोटा दिवा जोडता येतो. बिघाड झाला की दर चार सेकंदांनी तो ठराविक वेळा लुकलुकतो. एकदा लुकलुकला तर बॅटरीचा व्होल्टेज कमी. दोनदा, तर पंख्याच्या जोडणीवर भार जास्त. तीनदा, मोटर सुरूच होत नाही, कारण ती जाम आहे किंवा दोन बाजूंच्या दाबात फरक खूप आहे. चारदा, मोटर सुरू होते पण ओझ्याने किमान वेग धरू शकत नाही. पाच वेळा, तर इलेक्ट्रॉनिक पेटी तापली आहे.

ज्यांच्या फ्रिजला हा दिवा लावलेला नाही त्यांनी आजच लावावा, चहाच्या पैशात काम होतं.

मांडव्याला पोचलो तेव्हा दिवा तीनदा लुकलुकत होता. आतेभावाला विचारलं, बंद पडला तेव्हा किती होते? “आधी चार दिसले होते, मग तीन.” झालं, गोष्ट पूर्ण कळली. आधी चालत्या कॉम्प्रेसरवर ओझं वाढलं आणि तो थांबला. मग तो मिनिटा-मिनिटाने पुन्हा सुरू व्हायचा प्रयत्न करत राहिला, पण कंडेन्सरकडचा दाब अजून उतरलेला नव्हता. ट्रक आलेला नाही, हमाल दारात अडकलाय.

दोन लुकलुकींविषयी थोडं सांगतो, कारण तिथे भलेभले चकतात. बऱ्याच बोटींवर पाण्याचा पंप याच पंख्याच्या जोडणीला लावलेला असतो. ती जोडणी फक्त अर्ध्या अँपिअरसाठी आहे. मोठा पंप थेट तिथे लावला, किंवा बरोबर मापाच्या पंपात गवत अडकलं, की दोन लुकलुकी. दिवा “पंखा” म्हणतो आणि बोटीवर पंखाच नसतो, म्हणून माणूस गोंधळतो. मोठा पंप लावायचाच असेल तर मधे रिले हवा, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

मग्ग, घड्याळ आणि दोन थर्मामीटर

बोटीच्या बाजूला फ्रिजचं पाणी बाहेर पडतं त्या भोकाखाली एक लिटरचा मग्ग धरायचा आणि घड्याळ बघायचं. भरायला किती सेकंद लागले? मिनिटाला १ लिटर पाणी वाहत असेल तर २०० वॅट उष्णतेने ते सुमारे ३ अंशांनी तापतं. ४ लिटर वाहत असेल तर एक अंशही नाही. म्हणजे आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याच्या तापमानात पाच-सहा अंशांचा फरक दिसला, तर पाणी अर्ध्या लिटरवर आलेलं आहे. मग जाळी, पाइप, पंप बघा.

उलटही होतं आणि ते जास्त फसवं. पाणी धो धो येतंय, दोन्ही तापमानांत फरक जेमतेम, तरी कंडेन्सरची नळी भाजते आणि फ्रिज गार नाही. याचा अर्थ ट्रक दारात उभा आहे, पण दार उघडत नाही. नळीच्या आतून खडूसारखा थर बसला आहे. पुण्यात बोअरच्या पाण्यावर गीझर चालवणाऱ्यांना हा थर दाखवायला नको. आमच्या खडकातलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात, शिवाय त्यात राहणारे जीव स्वतःचं घरच चुन्याचं बांधतात.

मांडव्याला मग्ग भरलाच नाही. पंप गुणगुणत होता, पण बाहेर थेंब नाही.

आता काळजी घ्यायची. पाणी आत घ्यायचा कॉक बोटीच्या तळात असतो आणि त्याच्या पुढे गाळणीची जाळी. जाळी उघडण्याआधी कॉक बंद करायचा. हे इतकं साधं आहे की विसरतं, आणि विसरलं तर फ्रिज नाही, बोट बुडते. कॉक बंद केला, जाळी काढली. थोडा गाळ, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, पण पाणी पूर्ण अडेल असं काही नाही. ओहोटीला उथळ जागी बोट तळाशी टेकते तेव्हा गाळ येणारच. शेजारच्या होडीवरचा नाखवा गंमत बघत होता. त्याने विचारलं, “शीड कुठल्या बाजूला होतं?” मी त्याच्याकडे बघतच राहिलो, कारण बिघाड त्याने एका वाक्यात पकडला होता.

वाऱ्याने बोट कलते. पाणी घ्यायचं भोक ज्या बाजूला आहे ती बाजू वर उचलली गेली की भोक पाण्याबाहेर येतं आणि पंप हवा ओढतो. हे पंप पंख्याच्या पात्यांचे, सेंट्रिफ्यूगल असतात. शेतात विहिरीवरची मोटर हवा धरते आणि पाणी सोडते, अगदी तसंच. नुसतं फिरून हवा बाहेर काढायची ताकद त्यांच्यात नसते. भोक पुन्हा पाण्याखाली गेलं तरी पंपात हवेचा बुडबुडा बसलेला, आणि पंप त्याच्याभोवती आनंदाने फिरतोय. इंजिनच्या पंपाला रबरी पाती असतात, तो हवा बाहेर टाकू शकतो. फ्रिजच्या पंपाला ते जमत नाही. म्हणून तो पाण्याच्या पातळीखाली, शक्य तितका खाली बसवायचा, आणि भोकापासून पंपापर्यंत आणि पंपापासून कंडेन्सरपर्यंत पाइप सतत वर चढत जायला हवा. मधे कुठेही उंटाची पाठ नको.

आतेभावाच्या बोटीत उंट होता. कोणीतरी पाण्याची टाकी बदलताना पाइप तिच्यावरून वळवलेला. पंपाच्या आधी वीतभर उंच कमान. तिथे हवा बसत होती. भोसरीच्या ड्रममध्ये पंप तळाशी बुडलेला, पाइप हातभर, कमान नाही. तिथे हा बिघाड दिसणंच शक्य नव्हतं. पाइप टाकीखालून काढला, पंपाच्या पुढच्या टोकाची क्लिप सैल करून हवा जाऊ दिली, पाण्याची धार आली, क्लिप आवळली. दहा मिनिटांनी दिवा गप्प.

तारा आणि बाकी संशयित

एक लुकलुकी म्हणजे बॅटरी खराब असं समजून लोक नवी बॅटरी आणतात. आधी तार बघा. समजा २.५ चौरस मिलिमीटरची तार आहे, बॅटरीपासून फ्रिज ८ मीटर. जाऊन-येऊन १६ मीटर तांबं झालं. ६ अँपिअर वाहताना त्या तारेतच जवळजवळ पाऊण व्होल्ट खर्च होतो, आणि सुरू होताना त्याहून जास्त. त्यात खाऱ्या हवेने हिरवी पडलेली टोकं आणि जुना फ्यूजहोल्डर धरा. बॅटरी १२ दाखवते, फ्रिजच्या टोकाला व्होल्टेज १०.४ च्या खाली जातो आणि इलेक्ट्रॉनिक पेटी कॉम्प्रेसर बंद करते. मीटर बॅटरीवर लावून काही कळत नाही. तो कॉम्प्रेसरच्या टोकांवर, कॉम्प्रेसर सुरू होत असताना लावायचा.

फ्रिजची पेटी कशी गोठते तेही बोलकं असतं. गॅस कमी असेल तर पेटीचा एक कोपराच पांढरा होतो, बाकीचा कोरडा, आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. जास्त असेल तर बर्फ पेटीबाहेर, परत येणाऱ्या नळीवर पसरतो. गार होतो, मग अचानक होत नाही, तासाभराने आपोआप परत होतो, असं चक्र असेल तर आत ओलावा आहे. तो केसासारख्या बारीक नळीच्या, म्हणजे कॅपिलरीच्या, तोंडाशी गोठतो, वाट बंद करतो, वितळला की वाट मोकळी. हे व्हॅक्यूम नीट न मारल्याचं लक्षण. आणि पेटी सगळी छान पांढरी, तरी दूध फाटतंय, तर यंत्राला बोल लावू नका. झाकणाचं रबर, भिंतीतला ओला झालेला फोम, किंवा तळाचं सांडपाण्याचं भोक उघडं, ज्यातून गार हवा खाली वाहून जाते, यांपैकी काहीतरी असतं.

गॅसचा दाब दाखवणारं गेज सगळ्यांत शेवटी. लोक ते पहिल्यांदा लावतात, कारण ते लावलं की काम चाललंय असं दिसतं. पण गेजच्या पाइपातच काही ग्रॅम गॅस जातो. शंभर ग्रॅमच्या यंत्राला चार वेळा गेज लावलं की खरंच गॅस कमी होतो आणि मेकॅनिकचं भाकीत खरं ठरतं! लावावंच लागलं तर काय बघायचं? पाणी ३० अंशांवर असेल आणि कंडेन्सर साफ असेल तर आत गॅस साधारण ३६ ते ३८ अंशांना द्रव होतो, म्हणजे गेजवर ११५ ते १२५ पीएसआय. १७५ दिसलं तर गॅस ५० अंशांना द्रव होतोय. पाणी, थर किंवा जास्तीचा गॅस यांपैकी एक. तिन्ही नसेल तर आत हवा शिरली असेल. त्याची परीक्षा मला आवडते: कॉम्प्रेसर बंद ठेवायचा, पाणी चालू ठेवायचं, काटा स्थिर होऊ द्यायचा. २८ अंशांच्या पाण्यात शुद्ध आर-१३४ए ९० च्या आसपास थांबतो. काटा त्याहून बराच वर थांबला तर आत गॅसबरोबर दुसरं काहीतरी आहे.

एक बिघाड मात्र खरोखर जीवघेणा. कंडेन्सरची नळी आतून खाऊन भोक पडलं तर आधी गॅस पाण्यात जातो, कारण त्याचा दाब जास्त. गॅस गेला की समुद्र उलटा आत येतो. खारं पाणी तेलात मिसळलं की कॉम्प्रेसर संपला. त्यासाठीच जस्ताची कांडी बसवलेली असते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की एक झिजतोच, तेव्हा स्वस्त जस्ताने झिजावं आणि नळी वाचावी. कांडी निम्मी झाली की बदलायची. कांडी वर्षभर जशीच्या तशी दिसली तर आनंद मानू नका, तिचा धातूशी संपर्क तुटला असेल. पंपही उगाच मोठा बसवू नये. पाणी फार जोरात वाहिलं की तांबे-निकेलच्या नळीवरचा स्वतःच धरलेला संरक्षक थर ओरबाडला जातो. आमच्या धंद्यात “मोठा लावून टाक” हा सल्ला फुकट मिळतो आणि महाग पडतो.

पावसाळ्यात बोट वर काढली, शाकारून ठेवली, तेव्हा विसरायला होतं की फ्रिजचा पाण्याचा मार्ग खाऱ्या पाण्याने भरलेला आहे. साचलेल्या पाण्यातले जीव मरतात, सडतात, कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि तो वायू तांब्याच्या मिश्रधातूला खातो. गोड्या पाण्याने धुऊन, निथळवून ठेवायचं. आणि जमिनीवरच्या बोटीत कोणी हौसेने फ्रिज चालू करू नये म्हणून फ्यूज काढून खिशात ठेवायचा.

आतेभावाचं यंत्र सध्या परत भोसरीत आहे. या खेपेला बिघाडासाठी नाही. रविवार पेठेतून लिंबूसत्त्व आणलं, लिटरला ५० ग्रॅम, आणि तेच पाणी छोट्या पंपाने कंडेन्सरमधून फिरवतोय. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरायचं नाही, स्टीलचा भाग असेल तर त्याला ते खातं. परतीच्या पाइपातून बारीक बुडबुडे येत आहेत, म्हणजे चुना अजून विरघळतोय. मुलाला शेजारी बसवलंय: बुडबुडे थांबले की पंप बंद, आणि पाणी निळं-हिरवं व्हायला लागलं तर तत्काळ बंद, कारण मग थर संपून नळीचं तांबं निघतंय. तो बादलीकडे बघत बसलाय. त्याच बादलीकडे.